पाठ करायची वाक्यं

चियातुराच्या रोपवेवर चौतीस वर्षं
अंझोर दोर तपासतो,
हातमोजा न घालता.
तुटलेली तार तळहाताला टोचली की त्याला कळते.
आता बाहेरदेशाहून इंजिनिअर येणार आहेत
आणि वीस मिनिटं, उभं राहून, इंग्रजीत
त्याने सांगायचंय की हा दोर कसा आहे.

म्हणून शाळा सुटली की तो माझ्याकडे येतो,
सहावीच्या बाकात गुडघे दुमडून बसतो.
जुन्या तिकिटांच्या पाठीवर मी वाक्यं लिहून देते,
इंग्रजी वाक्यं, आमच्या गोल अक्षरांत.

‘आय वुड लाइक टु बिगिन विथ.’
म्हणजे? म्हणजे, मला सुरुवात करायला आवडेल.
‘आवडेल कशाला? करू या की.’
‘अ‍ॅज यू कॅन सी.’
‘दिसतंय, तर सांगायचं कशाला?’
मी म्हणते, अंझोर, हे तुझ्या मार्गावरचे खांब समज.
खांबावर कुणी उतरत नाही.
दोर टेकतो, डबा पुढे जातो.

हाच अंझोर लग्नात तमादा असतो.
शिंग हातात घेऊन उभा राहिला की
गेलेल्यांसाठी एक घोट, न जन्मलेल्यांसाठी एक,
कोपऱ्यात रुसून बसलेल्या व्याह्यासाठी एक,
रात्री दोनपर्यंत, कागदाचा कपटाही न बघता.
आणि ‘लेट्स मूव्ह ऑन टु द नेक्स्ट स्लाइड’ला
त्याच्या कपाळावर घाम.
जीभ अडत नाही, आमच्या भाषेत याहून अवघड गाठी आहेत.
तो अडतो ‘मूव्ह ऑन’ला.
‘आधीचं संपलं का पण?’ विचारतो.

‘आय विल कम बॅक टु दॅट लेटर’ मात्र त्याला फार आवडलं.
घरी नानूलीने गळक्या नळाचं काय म्हणून विचारलं
तर हात मागे बांधून हेच म्हणाला.
तिने ते तिकीट मागून घेतलं, वाचलं, चुलीत टाकलं.
मला पुन्हा लिहून द्यावं लागलं.

सगळ्यांत कामाचं शेवटी दिलं.
‘दॅट्स अ गुड क्वेश्चन.’
उत्तर येत नसलं की म्हणायचं,
तेवढ्या वेळात सापडतं काहीतरी.

त्या दिवशी नीट झालं, म्हणजे फजिती नाही झाली.
दोन स्लाइड उलट्या लागल्या.
दुपारी तीन वाजता गुड मॉर्निंग.
मग पुढच्या रांगेतल्या बाईंनी चष्मा काढून विचारलं,
वीज गेली तर?

‘दॅट्स अ गुड क्वेश्चन,’ अंझोर म्हणाला
आणि थांबला.
इतका थांबला की प्रोजेक्टरचा पंखा ऐकू यायला लागला.
मग बोलला ते आमच्याच भाषेत.
मी उठून शेजारी उभी राहिले, भाषांतराला.

त्र्याण्णवचा जानेवारी. वीज गेली.
डबा क्विरिलाच्या वर, मधोमध.
आम्ही तिघं चाक हाताने फिरवत होतो,
एका फेरीला एक वीत.
नऊ तास.
डब्यात पाच माणसं, मक्याच्या पिठाची दोन पोती
आणि
(बोट नाही केलं त्याने, नुसतं पाहिलं माझ्याकडे)
‘हिची आई. दिवस भरलेली.’

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुभाष्याने मध्ये यायचं नसतं, हे मीच शिकवते.
‘माय मदर’ म्हणावं तर वाक्य त्याचं राहत नाही,
‘हर मदर’ म्हणावं तर मी कुठे उभी आहे?
तिकिटांच्या गठ्ठ्यात यासाठी काही नव्हतं.
मी म्हणाले, ‘देअर वॉज अ वूमन.’

अंझोरने मान हलवली. तेवढं इंग्रजी त्याला येत होतं.
‘नो वूमन,’ तो म्हणाला. ‘मदर.’

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.
‘एनी अदर क्वेश्चन्स?’ त्याने विचारलं, पाठ केलेल्या सुरात.
कुणाचे नव्हते.

जिन्यात मी म्हटलं,
उतरल्यावर ती काय बोलली तुझ्याशी?
‘आय विल कम बॅक टु दॅट लेटर,’
एकही चूक न करता म्हणाला
आणि सोललेले तळहात खिशात घालून
पायऱ्या उतरायला लागला.